बॅटरीवरचा हवापंप : टायरच्या दाबाचे घरगुती गणित

मोटारीचे वजन रबर पेलत नाही, ते पेलते टायरमध्ये कोंडलेली हवा. प्रवासी आणि सामान धरून बाराशे किलो भरणाऱ्या छोट्या मोटारीच्या प्रत्येक चाकावर साधारण तीनशे किलो भार येतो. टायरमधील दाब ३३ पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला सुमारे २.३ किलो असेल, तर हा भार पेलण्यासाठी टायरचा अवघा १३० चौरस सेंटीमीटरचा भाग रस्त्याला टेकतो. आकाराने तो जेमतेम तळहाताएवढा असतो. दाब २४ पीएसआयवर उतरला की हाच भाग पावणेदोनशे चौरस सेंटीमीटरच्या घरात जातो. जास्त रबर रस्त्याला टेकले म्हणजे पकड वाढली, असा समज होण्याचा संभव आहे. प्रत्यक्षात मात्र चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात टायरची साइडवॉल अधिक वाकते, पुन्हा सरळ होते आणि या घडामोडीत तापत जाते.

निर्दोष टायरमधूनही हवा झिरपतच असते. महिन्याकाठी एक-दोन पीएसआयची घट ही सर्वसाधारण बाब मानली जाते. रेडियल टायरच्या बाजू मुळातच किंचित फुगीर दिसत असल्याने सात-आठ पीएसआय हवा कमी झाली तरी डोळ्यांना ती जाणवत नाही आणि टायरला पायाने ठोकरून पाहण्याची जुनी पद्धतही येथे उपयोगी पडत नाही. अलीकडच्या काही वर्षांत बाजारात आलेला, पाण्याच्या बाटलीएवढा, बॅटरीवर चालणारा हवापंप या बाबतीत महत्त्वाचा ठरतो. ‘टायर इन्फ्लेटर’ या नावाने विकले जाणारे हे यंत्र बहुतेक ग्राहक आडरानात पंक्चर झाल्यास हाताशी असावे म्हणून घेतात आणि डिकीत टाकून विसरतात. त्याचा खरा उपयोग मात्र घरच्या वाहनतळावर, सकाळी गाडी जागची हलण्यापूर्वी होतो.

स्टेपनीपासून बॅटरीपर्यंत

हवा भरलेल्या चाकाचे पहिले पेटंट स्कॉटलंडच्या रॉबर्ट विल्यम थॉमसन यांनी १८४५ मध्ये घेतले. पण काळाच्या पुढे असलेली ती कल्पना विस्मरणात गेली. १८८८ मध्ये बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी हवेचे टायर तयार केले आणि तेथून या शोधाला बाजारपेठ मिळाली. मिशेलिन बंधूंनी १८९५ च्या पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतीत हवेच्या टायरांवर मोटार धाववून दाखविली. हवा आत जाऊ देणारा, पण बाहेर येऊ न देणारा आजचा व्हॉल्व्ह अमेरिकेतील श्रेडर यांच्या नावाने ओळखला जातो. त्याचा जन्मही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकातला. मोटारी आणि मोटारसायकलींच्या चाकांना आजही हाच व्हॉल्व्ह असतो.

मराठीत रुळलेला ‘स्टेपनी’ हा शब्दही याच इतिहासाचा भाग आहे. सुरुवातीच्या मोटारींना जादा चाक नसे. पंक्चर झाल्यावर भर रस्त्यात टायर उतरवून ट्यूबला ठिगळ लावणे हा प्रवासाचाच एक भाग असे. वेल्समधील लानेली या गावी डेव्हिस बंधूंनी १९०४ च्या सुमारास पंक्चर झालेल्या चाकाला जोडता येईल असे जादा चाक तयार केले. त्यांचा व्यवसाय ज्या स्टेपनी स्ट्रीटवर होता, त्या रस्त्याचे नाव चाकाला मिळाले. पुढे इंग्लंडमध्ये हा शब्द मागे पडला, भारतात मात्र तो टिकून राहिला.

आता स्टेपनीचेच स्थान डळमळीत झाले आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२० मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी मोटारींत ट्यूबलेस टायर, टायरमधील दाबावर लक्ष ठेवणारी यंत्रणा आणि टायर दुरुस्तीचा संच असेल, तर जादा चाक देण्याची सक्ती उरलेली नाही. वाचलेली जागा विजेवरच्या मोटारींत बॅटरीसाठी किंवा अन्यत्र सामानासाठी वापरता येते. साहजिकच अशा गाड्यांच्या मालकांना हवापंपाची ओळख करून घेणे क्रमप्राप्त ठरते.

पायाने दाबण्याचा पंप आणि गाडीतील बारा व्होल्टच्या सॉकेटवर चालणारा कॉम्प्रेसर पूर्वीपासून वापरात होते. १९९१ मध्ये सोनी कंपनीने लिथियम-आयन बॅटरी प्रथम बाजारात आणली. पुढे भ्रमणध्वनी आणि लॅपटॉपमुळे ती स्वस्त आणि सुटसुटीत होत गेली, आणि पंपाला वायरीच्या बंधनातून मुक्त करणे शक्य झाले. या बॅटरीच्या पायाभूत संशोधनासाठी जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

यंत्राच्या पोटात

पंपाची रचना तशी साधी असते. बॅटरीवर चालणारी छोटी मोटर एक दट्ट्या वेगाने पुढे-मागे करते. तो बाहेरची हवा ओढतो, दाबतो आणि नळीवाटे टायरमध्ये ढकलतो. एक संवेदक नळीतील दाब मोजत राहतो आणि ठरवून दिलेला आकडा गाठताच मोटर बंद पाडतो.

पंप चालू असताना जाणवणारी त्याची ऊब हा बिघाड नव्हे. हवा वेगाने दाबली की ती तापते. तीस अंश सेल्सिअसची हवा एका दमात ३३ पीएसआयपर्यंत दाबली आणि उष्णतेला बाहेर पडण्यास वाव दिला नाही, तर सिद्धांतानुसार तिचे तापमान दीडशे अंशांपर्यंत जाते. प्रत्यक्षात बरीचशी उष्णता धातूचे भाग शोषून घेतात. पण त्यामुळे नळीचे पितळी तोंड हाताला चटका देण्याइतके तापू शकते. एका वेळी किती मिनिटे चालवावे आणि नंतर किती विश्रांती द्यावी, हे माहितीपुस्तकात दिलेले असते. लहान पंपांसाठी ही मर्यादा बहुधा दहा मिनिटांच्या आसपास असते आणि ती पाळणे हाच पंपाचे आयुष्य वाढविण्याचा सर्वांत सोपा मार्ग होय.

बॅटरीच्या क्षमतेबाबत जाहिरातीतील आकडे फसवे ठरू शकतात. ३.७ व्होल्टचे, प्रत्येकी २००० मिलिअँपिअर-तास क्षमतेचे दोन सेल असलेल्या पंपावर कोणी ‘४०००’ असे छापतो, तर कोणी ‘२०००’. दोन्हींतील ऊर्जा सारखीच, म्हणजे १४.८ वॉट-तास असते. म्हणून तुलना वॉट-तासांत करावी. पंप चालताना ७० वॉट वीज घेत असेल, तर एवढी ऊर्जा साधारण बारा मिनिटे पुरते. छोट्या मोटारीच्या टायरची पोकळी तीस लिटर धरली, तर दाब २८ वरून ३३ पीएसआयवर नेण्यासाठी बाहेरची जेमतेम दहा लिटर हवा लागते. चारही टायरांना एवढी हवा देणे हे या बॅटरीच्या आवाक्यातले काम आहे. पूर्ण बसलेल्या एका टायरला मात्र त्याच हिशेबाने ६७ लिटर हवा लागते आणि दाब वाढत जातो तसतसा पंपाचा वेग मंदावतो. असा एक टायर भरून होईतो बॅटरीचा मोठा हिस्सा संपलेला असतो. दर महिन्याची भर घालणे हे या यंत्राचे नैसर्गिक काम का, हे यावरून लक्षात यावे.

टायर थंड हवा तो यासाठी

वाहन उत्पादक टायरच्या दाबाचा जो आकडा देतात, तो थंड टायरसाठी असतो. गाडी किमान तीन तास उभी असेल किंवा दीड-दोन किलोमीटरपेक्षा कमी चालली असेल, तर टायर थंड समजावा, असा सर्वसाधारण संकेत आहे. त्यामागे वायूंच्या गुणधर्माचा साधा नियम आहे. बंदिस्त हवेचे तापमान वाढले की तिचा दाबही वाढतो. ३३ पीएसआय हवा भरलेल्या टायरचे तापमान दहा अंशांनी वाढले, तर दाब सुमारे दीड पीएसआयने चढतो.

आता एखादा वाहनचालक गर्दीतून वाट काढत पेट्रोल पंपावर पोहोचतो, तेव्हा काय घडते ते पाहावे. टायर वीस अंशांनी तापलेला असेल आणि मापक ३३ दाखवीत असेल, तर थंड अवस्थेत त्यात प्रत्यक्षात ३० पीएसआयच हवा आहे. ‘हवा बरोबर आहे’ हे तेथील उत्तर मापकाच्या दृष्टीने खरे, पण टायरच्या दृष्टीने अपुरे असते. उलट, सकाळी ३३ असलेला दाब प्रवासानंतर ३६ दिसला म्हणून तीन पीएसआय हवा सोडून दिली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी टायर ३० वर आलेला असतो. तापलेल्या टायरमधील हवा कधीही कमी करू नये, हा नियम त्यासाठीच आहे. घरी पंप असण्याचा मोठा फायदा हाच, की दाब योग्य वेळी मोजता येतो.

ऋतुमानाचाही येथे संबंध येतो. दुपारी तीस अंश तापमानात भरलेली हवा नाशिक किंवा नागपूरच्या दहा अंशांच्या पहाटे तीन पीएसआयने कमी भरते. थंडीच्या सुरुवातीला अनेक गाड्यांत दाबाचा इशारा देणारा दिवा लागतो, त्याचे कारण बहुधा हेच असते. अमेरिकेत सप्टेंबर २००७ पासून नव्या हलक्या वाहनांत अशी इशारा यंत्रणा सक्तीची आहे. मात्र तेथील मानकानुसार दाब शिफारशीपेक्षा २५ टक्क्यांनी घटल्यावर इशारा मिळाला तरी चालतो. ३३ च्या हिशेबात हा आकडा २५ पीएसआयच्या खाली जातो. म्हणून दिवा लागला नाही याचा अर्थ दाब योग्य आहे, असा घेता येत नाही.

वेग, पाऊस आणि इंधन

शहरातील संथ वाहतुकीत कमी हवेचा दोष झाकला जातो. द्रुतगती मार्गावर तो उघडा पडतो. ७०१ किलोमीटर लांबीच्या मुंबई-नागपूर समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये, तर अखेरचा जून २०२५ मध्ये खुला झाला. मैदानी भागात तेथे मोटारींना ताशी १२० किलोमीटर वेगाची मुभा आहे. या वेगाला छोट्या मोटारीचे चाक मिनिटाला सुमारे अकराशे फेरे घेते. हवा कमी असेल, तर साइडवॉल मिनिटाला अकराशे वेळा प्रमाणाबाहेर वाकते. विदर्भातील उन्हाळ्यात तापलेल्या काँक्रीटवर तासन्‌तास हे चालू राहिले, की रबर आणि आतील थर यांची बांधणी सैल होऊ लागते. टायर ‘अचानक’ फुटल्याचे सांगितले जाते, तेव्हा त्याची तयारी बरेचदा आधीच्या कित्येक किलोमीटरांत झालेली असते.

पावसाळ्यातही दाबाला महत्त्व आहे. साचलेल्या पाण्यावर टायर तरंगू लागण्याचा वेग दाबाच्या वर्गमुळावर अवलंबून असतो, असे सूत्र अमेरिकेच्या ‘नासा’तील अभ्यासकांनी १९६० च्या दशकात विमानांच्या चाकांसाठी मांडले. मोटारीच्या बाबतीत टायरच्या नक्षीची खोली, रुंदी आणि पाण्याची पातळी यांमुळे आकडे बदलतात; तथापि दाब कमी झाला की गाडी कमी वेगालाही पाण्यावर तरंगू शकते, हा बोध कायम राहतो. इंधनाचे गणित तुलनेने किरकोळ वाटेल. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या अंदाजानुसार सर्व टायरांतील सरासरी दाब एक पीएसआयने घटला, तर मायलेज सुमारे ०.२ टक्क्याने कमी होते. पण कडेने लवकर झिजणाऱ्या टायरांचा खर्चही त्यात धरावा लागतो.

आकडा कोणता धरावा?

योग्य दाबाचा आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर, काही गाड्यांत इंधनाच्या झाकणामागे, तसेच माहितीपुस्तकात दिलेला असतो. पुढच्या आणि मागच्या चाकांचे, तसेच पूर्ण भरलेल्या गाडीचे आकडे वेगळे असू शकतात. टायरवरच कोरलेला आकडा हा त्या टायरची कमाल मर्यादा असते. ती शिफारस समजून हवा भरल्यास टायर मध्यभागी झिजतो आणि गाडी उसळू लागते. पट्टीवर किलोपास्कल किंवा बार हे एकक असेल, तर २३० किलोपास्कल म्हणजे २.३ बार म्हणजे सुमारे ३३ पीएसआय, एवढे ध्यानात ठेवले तरी काम भागते. पंपाचे एकक चुकून बारवर राहिले आणि आकडा पीएसआयचा समजला, तर घोटाळा होतो. म्हणून प्रथम एकक तपासावे.

टायरमध्ये नायट्रोजन भरलेला असला, तरी घरच्या पंपाने साधी हवा भरण्यास हरकत नाही. वातावरणातील हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

हवा भरण्याची रीत

गाडी सपाट जागी उभी करून हातब्रेक लावावा. व्हॉल्व्हची टोपी काढून खिशात ठेवावी. खाली ठेवलेली टोपी हमखास हरवते. नळीचे तोंड आट्यांवर सरळ बसवून घट्ट फिरवावे. हवेचा फुसफुस आवाज थांबला की पडद्यावर टायरमधील दाब दिसतो. तो लिहून ठेवल्यास कोणता टायर इतरांपेक्षा लवकर उतरतो, हे दोन-तीन महिन्यांत कळते आणि न दिसलेला खिळा किंवा सैल व्हॉल्व्ह वेळीच सापडतो. त्यानंतर हवा तो आकडा ठरवून पंप सुरू करावा. मोटर थांबल्यावर नळी झटकन सोडवावी. या वेळी थोडी हवा निसटते, म्हणून ठरविलेला आकडा अर्ध्या-एका पीएसआयने वाढवून ठेवणे सोयीचे असते.

पंपावरील मापकावर पूर्ण विसंबू नये. स्वस्त यंत्रांत एक-दोन पीएसआयचा फरक आढळतो. एक वेगळा, साधा टायरमापक घेऊन दोन्हींचे आकडे एकदा ताडून पाहावेत आणि तेवढा फरक कायम हिशेबात धरावा. शेवटी टोपी लावण्यास विसरू नये, कारण धूळ आणि चिखल व्हॉल्व्हच्या पिनेपर्यंत जाऊ न देण्याचे काम ती करते. ज्या चाकाकडे वर्षानुवर्षे कोणी पाहत नाही, त्या स्टेपनीतही याच वेळी हवा भरावी. पंपाचा कर्कश आवाज लक्षात घेता, सोसायटीच्या वाहनतळावर हे काम पहाटे फार लवकर न केलेले बरे.

पंक्चर झाले तर

पंप हवा भरतो, भोक बुजवीत नाही, हे लक्षात ठेवूनच प्रवासात त्याचा वापर करावा. ट्यूबलेस टायरमध्ये खिळा रुतला असेल, तर तो तसाच राहू द्यावा. गाडी वाहतुकीपासून दूर, सुरक्षित जागी घेऊन, धोक्याचे दिवे लावून हवा भरावी. पाच मिनिटे थांबून दाब पुन्हा मोजावा. एक-दोन पीएसआयचीच घट झाली असेल, तर कमी वेगाने जवळच्या पंक्चर काढणाऱ्याकडे जाता येते. वाटेत थांबून दाब पाहत राहणे श्रेयस्कर. दहा पीएसआय उतरले असतील, तर ती गाडी चालविण्याच्या स्थितीत नाही. साइडवॉल फाटली असेल, तिला फुगवटा आला असेल, टायरची कड रिमवरून सुटली असेल किंवा हवा नसताना गाडी बरेच अंतर चालली असेल, तर हवा भरण्याचा प्रयत्नच करू नये. आतून खिळखिळा झालेला टायर हवा भरताना फुटू शकतो. हवा भरताना साइडवॉलच्या अगदी समोर न बसता थोडे बाजूला राहावे, हेही याच कारणासाठी. स्टेपनी नसलेल्या गाडीच्या मालकाने अशा वेळी गाडी उचलून नेण्याची सेवा कोठून मिळेल, याची माहिती आधीच जवळ ठेवावी.

दुचाकी आणि सायकल

स्कूटरच्या टायरची पोकळी लहान असल्याने पंप तिला काही सेकंदांत भरतो. म्हणूनच आपोआप बंद होण्याचा आकडा ठरविल्याशिवाय पंप सुरू करू नये. पुढे २२ आणि मागे २९ पीएसआय, असे आकडे स्कूटरच्या माहितीपुस्तकांत आढळतात. मागे कोणी बसणार असेल, तर मागचा आकडा वाढतो. साध्या भारतीय सायकलीला डनलॉप पद्धतीचा, रबरी नळीचा व्हॉल्व्ह असतो. त्याला जोडणीचा तुकडा लावावा लागतो, शिवाय त्यातून आतला दाब उलट दिशेने कळत नसल्याने पंपाच्या आकड्यावर भिस्त ठेवता येत नाही. ट्रक आणि बसच्या टायरांना शंभर पीएसआयच्या वर दाब आणि कितीतरी अधिक हवा लागते. ते काम या छोट्या यंत्राचे नव्हे.

जपणूक

लिथियम-आयन बॅटरीला उष्णता मानवत नाही. उन्हात बंद असलेल्या गाडीत तापमान साठ अंशांच्या वर जाऊ शकते, तेव्हा डॅशबोर्ड ही पंप ठेवण्याची सर्वांत वाईट जागा ठरते. उन्हाळ्यात पंप घरात ठेवावा आणि प्रवासाला निघताना बरोबर घ्यावा. वापरानंतर तापलेला पंप लगेच चार्जिंगला लावू नये. वापर नसला, तरी दर दोन-तीन महिन्यांनी बॅटरी तपासून चार्ज करावी. महिन्याला एकदा हवा तपासणाऱ्याला हे वेगळे लक्षात ठेवावे लागत नाही. ज्यांना केवळ संकटसमयासाठीच पंप हवा आहे, त्यांच्यासाठी सॉकेटवर चालणारा जुन्या पद्धतीचा कॉम्प्रेसर अधिक भरवशाचा, कारण त्याची वीज गाडीच पुरविते. फुगलेली किंवा निकामी बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकू नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे.

पेट्रोल पंपावरील हवेची सोय किंवा रस्त्याकडेचा पंक्चरवाला यांची गरज या यंत्राने संपत नाही. ते वाचविते ती केवळ सबब : रांग होती, घाई होती, टायर बरा दिसत होता. दर महिन्याला एका ठरावीक सकाळी, गाडी सुरू करण्यापूर्वीची दहा मिनिटे त्यासाठी काढली, तर चार तळहातांएवढ्या ज्या जागेवर संपूर्ण कुटुंबाचा भार असतो, तिची निगा राखली जाते.